अंतराळयानाच्या मॉडेलमध्ये दिवे बसवताना

प्लॅस्टिकचे किट जोडून, रंगवून, स्टिकर लावून झाले की मॉडेल पूर्ण होते. पण खोलीतला दिवा बंद केल्यावर त्याच मॉडेलच्या खिडक्या उजळल्या आणि इंजिनांच्या टोकांशी नारिंगी उजेड थरथरू लागला, तर आत माणसे काम करत आहेत असे वाटते आणि जहाजाचा खरा आकार डोळ्यांत भरतो. हे काम अवघड समजून बरेच नवे मॉडेलकार त्याच्या वाटेला जात नाहीत. खरे तर त्याला लागते ती शाळेतल्या विज्ञानाएवढी वीज, थोडे सोल्डरिंग आणि पुष्कळसा संयम. मात्र कामाचा क्रम चुकला तर तयार मॉडेल पुन्हा फोडावे लागते. म्हणून हा लेख क्रमानेच लिहिला आहे. उदाहरणासाठी घेतले आहे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतले एंटरप्राइझ हे जहाज, कारण त्याची किट वेगवेगळ्या प्रमाणांत मिळतात आणि त्याचे दिवे कुठे व कसे होते याची भरपूर नोंद आहे.

## मूळ मॉडेलमधले दिवे

मालिकेच्या चित्रीकरणासाठी एंटरप्राइझचे मोठे मॉडेल १९६४ साली तयार झाले. रचना मॅट जेफरीज यांची, बांधणी रिचर्ड डॅटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. मुख्यतः लाकडात घडवलेले हे मॉडेल सुमारे ११ फूट लांब होते. सुरुवातीला त्यात दिवे नव्हते, ते नंतर टप्प्याटप्प्याने बसवले गेले. तेव्हा वायरी जहाजाच्या डाव्या अंगाने बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे चित्रीकरण जवळजवळ नेहमी उजव्या बाजूने करावे लागे. इंजिनांच्या टोकाला जे फिरते तेज दिसे, त्यासाठी घुमटामागे मोटरवर फिरणारी पाती आणि त्यांच्यामागे लुकलुकणारे रंगीत बल्ब लावले होते.

१९७४ साली हे मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाकडे गेले. मोठ्या दुरुस्तीनंतर जुलै २०१६ मध्ये ते तिथल्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात पुन्हा मांडले गेले, आणि आता त्यात एलईडी आहेत.

घरगुती मॉडेलांतही हाच बदल झाला. पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे तंतूचे बल्ब वापरत. ते तापत, त्यांच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडे, आणि बल्ब गेला की बंद मॉडेलच्या आत हात घालता येत नसे. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली दाखवला. पांढऱ्यासाठी मात्र तेजस्वी निळ्या एलईडीचा शोध लागावा लागला. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत आजही निळी चिपच असते, वरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. हा दिवा फारसा तापत नाही, वर्षानुवर्षे टिकतो आणि नगण्य वीज खातो. कायमच्या बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पोटात ठेवायला याहून योग्य दिवा नाही.

## पहिले किट कोणते?

काल्पनिक एंटरप्राइझची लांबी २८९ मीटर मानली जाते. १:१००० प्रमाणात ती सुमारे २९ सेंटिमीटर होते, १:६५० मध्ये ४४ आणि १:३५० मध्ये ८२ सेंटिमीटरच्या पुढे जाते. पोलर लाइट्सचे १:३५० किट दिव्यांसाठी उत्तम आहे, पण महाग आहे आणि नवख्याला पेलणारे नाही. एएमटीचे १:६५० किट मूळचे १९६६ सालचे. आत जागा भरपूर, पण सांधे नीट बसवायला कष्ट पडतात. पोलर लाइट्सचे १:१००० किट लहान असले तरी भाग नेटके बसतात, शिवाय किंमत आवाक्यात असते. पुढची योजना याच प्रमाणासाठी आहे.

किट घेताना दोन गोष्टी पाहा. इंजिनांचे घुमट पारदर्शक प्लॅस्टिकचे आहेत का, आणि धड दोन अर्धुकांचे, म्हणजे आतून पोकळ आहे का. या दोन्ही गोष्टी असतील तर कोणत्याही यानात हीच पद्धत चालते.

## आधी कागद, मग कात्री

किटचा डबा उघडल्यावर लगेच भाग सुटे करू नका. सूचनापत्रकातल्या चित्राची झेरॉक्स काढा आणि तिच्यावर तीन गोष्टी रंगीत पेनाने दाखवा: दिवे कुठे, वायर कुठून कुठे, आणि वीज बाहेरून कुठे शिरणार.

आपल्या जहाजात दिवे इतकेच ठेवू:

- जहाजाच्या पुढच्या गोल तबकडीत दोन पिवळसर पांढरे एलईडी. खिडक्या आणि वरखालचे दोन छोटे घुमट यांच्यावरच उजळतात.
- खालच्या नळकांड्यासारख्या धडात एक पिवळसर पांढरा.
- दोन्ही इंजिनांच्या घुमटांमागे प्रत्येकी दोन पिवळे: एक स्थिर, एक थरथरणारा.
- तबकडीच्या कडेजवळ दिशादर्शक दिव्यांसाठी एक लाल, एक हिरवा.

एकूण नऊ. पुढच्या बाजूची तांबूस डिफ्लेक्टर डिश मूळ मालिकेत उजळत नसे, म्हणून तिथे दिवा नको. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातल्या जहाजाची डिश उजळते, पण ते जहाज वेगळे. आपण कोणती आवृत्ती बांधतो आहोत हे ठरवून तिचे फोटो समोर ठेवले की असे घोटाळे होत नाहीत.

वायरीचा मार्ग असा: इंजिनांतून दोन तिरप्या खांबांमधून धडात, तबकडीतून मानेवाटे धडात, आणि तिथून सगळ्या वायरी बैठकीच्या दांड्यातून खाली. खांब आणि मान हे सर्वांत अरुंद भाग आहेत. वायर तिथून जाते का हे आधी पाहायचे. खांब भरीव असतील तर ज्या बाजूकडे कोणाचे लक्ष जाणार नाही तिथे पात्याने बारीक खाच पाडायची, वायर तिच्यात बसवायची आणि वरून पुट्टी भरून घासायची.

## एलईडी आणि रेझिस्टर: थोडेसे गणित

एलईडीला प्लस-मायनस असतो. लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस. पाय कापल्यावर ओळख पटावी म्हणून मायनसच्या बाजूला काठ किंचित सपाट केलेला असतो. उलटा जोडला तर तो लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ठरावीक व्होल्टेज ओलांडले की एलईडीतला विजेचा प्रवाह झपाट्याने वाढतो आणि तो जळतो. प्रवाहाला आवर घालायला प्रत्येक एलईडीच्या वाटेत रेझिस्टर लागतो. त्याचे मूल्य काढायचे सूत्र सोपे आहे: पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्टेज वजा करा आणि उरलेल्याला हव्या असलेल्या प्रवाहाने भागा.

लाल आणि पिवळा एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. पांढरा आणि निळा सुमारे ३. हिरव्याचे दोन प्रकार मिळतात, जुना फिका २ व्होल्टचा आणि नवा गडद ३ व्होल्टचा. साध्या एलईडीला २० मिलिअँपची मर्यादा असते, आपल्याला १० सुद्धा पुष्कळ होतात.

पुरवठा मोबाइलच्या साध्या यूएसबी चार्जरचा, म्हणजे ५ व्होल्टचा धरू. पांढऱ्यासाठी ५ वजा ३, उरले २ व्होल्ट. त्याला ०.०१ अँपने भागले की २०० ओहम. बाजारात त्याच्यावरचा सहज मिळणारा आकडा २२०. पिवळ्या-लालसाठी ५ वजा २, उरले ३, म्हणजे ३०० ओहम. त्यासाठी ३३० घ्यायचा. हिरवा कोणत्या प्रकारचा हे कळत नसेल तर ३३० दोन्हींना चालतो. पाव वॉटचे रेझिस्टर पुरतात. त्यांच्यावरचे पट्टे असे वाचायचे: २२० म्हणजे लाल, लाल, तपकिरी. ३३० म्हणजे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. १००० म्हणजे तपकिरी, काळा, लाल.

हा १००० ओहमचा रेझिस्टर खिडक्यांसाठी हवा. १० मिलिअँपवर पांढरा एलईडी लहान मॉडेलमध्ये डोळ्यांत खुपतो आणि जहाज कंदिलासारखे दिसते. १००० ओहमवर प्रवाह २ मिलिअँपवर येतो आणि खिडक्या खिडक्यांसारख्या दिसतात.

सगळे एलईडी समांतर जोडायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्यायचा. एकच रेझिस्टर सर्वांना वाटून दिला तर, प्रत्येक एलईडीची गरज किंचित वेगळी असल्यामुळे, एक जास्त प्रवाह ओढतो आणि दुसरा मंद राहतो. दोन पांढरे एकापुढे एक जोडले तर त्यांना ६ व्होल्ट लागतात, ५ व्होल्टमध्ये ते धड लागणारच नाहीत.

आपल्या नऊ दिव्यांचा एकूण प्रवाह ६० मिलिअँपच्या आसपास भरतो. चार्जरला तो अगदी किरकोळ आहे. पॉवर बँक वापरायची असेल तर एक अडचण लक्षात ठेवा: इतका कमी प्रवाह पाहून काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

## सामान आणि ते मिळण्याची ठिकाणे

किट बहुधा परदेशातून किंवा ऑनलाइन मागवावे लागते, पण दिव्यांचे सगळे सामान आपल्या बाजारात आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात ३ मिमीचे एलईडी, रेझिस्टर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडून पाहायची पाटी), सोल्डर हे सारे सुटे मिळते. एलईडी मोजून नऊ घेऊ नका, दुप्पट घ्या.

वायर मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली नेहमीची घेऊ नका, ती जाड पडते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमलचा लेप असलेली तांब्याची बारीक तार असते. ०.२ ते ०.२५ मिमी जाडीची तार घ्या. लेपामुळे दोन तारा एकमेकींना लागल्या तरी शॉर्ट होत नाहीत आणि दहा तारा चार मिमीच्या पितळी नळीतून आरामात जातात.

थरथरणाऱ्या उजेडासाठी दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीच्या पणत्या कामी येतात. पणतीतला पिवळा एलईडी थरथरतो तो आतल्या छोट्या चिपमुळे. तो काढून घ्यायचा. पणतीत तो ३ व्होल्टच्या बटन सेलवर चालतो, म्हणून ५ व्होल्टवर लावताना रेझिस्टर हवाच, आणि आधी ब्रेडबोर्डवर चालवून पाहायचा.

याशिवाय लागते ते असे: २५ वॉटचे बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, बोटांनी फिरवायचे छोटे ड्रिल, अर्धा आणि एक मिमीचे बिट, काळा, पांढरा आणि पारदर्शक नारिंगी रंग, अर्ध्या मिमीचा प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबर, ट्रेसिंग पेपर, बारीक वॉटर पेपर, आणि ॲरल्डाइटसारखा दोन भागांचा गोंद.

## उजेड अडवणे हेच मोठे काम

नवख्या माणसाचे लक्ष दिव्याकडे असते. मॉडेल मात्र बिघडते ते भिंतींमुळे. किटचे प्लॅस्टिक पातळ असते आणि आत दिवा लागला की सबंध धड उजळते. खिडक्या दिसायच्या तर त्यांच्याभोवतीची भिंत पूर्ण अंधारी राहिली पाहिजे.

त्यासाठी जोडणीपूर्वी प्रत्येक अर्धुकाला आतून काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्या. ते नीट वाळल्यावर वरून पांढऱ्याचे दोन हात द्या. काळा उजेड अडवतो आणि पांढरा तो परतवून आत सगळीकडे पसरवतो. नुसता पांढरा दिला तर उजेड झिरपतो, नुसता काळा दिला तर खिडक्यांपर्यंत उजेड पोचतच नाही. स्प्रे वापरत असाल तर सुमारे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून हलके झटके मारा. जवळून दाट मारला तर त्यातल्या थिनरने प्लॅस्टिकवर ओरखडल्यासारखे व्रण उठतात.

ज्या कडा एकमेकींना चिकटणार आहेत त्यांवर रंगापूर्वी मास्किंग टेप लावा. प्लॅस्टिकचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधा जोडतो, मध्ये रंगाचा थर आला की सांधा धरत नाही. पण टेपमुळे नेमक्या याच रेषेवर उजेड झिरपण्याची जागा राहते. म्हणून अर्धुके चिकटवण्याआधी एका अर्धुकाच्या कडेला आतून पातळ प्लॅस्टिकची काळी पट्टी अशी लावा की ती दुसऱ्या अर्धुकाच्या आत थोडी शिरेल. काही जण ॲल्युमिनियमची टेप वापरतात. ती उजेड उत्तम अडवते, पण ती वीजवाहक आहे. एलईडीचा उघडा पाय तिला टेकला तर शॉर्ट होईल, म्हणून तिच्याजवळचे सगळे सांधे झाकलेले हवेत.

मग परीक्षा. अर्धुके टेपने तात्पुरती जोडा, आत दिवा लावा आणि खोलीत पूर्ण अंधार करा. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबा. जिथे तेज दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा, आतून काळ्याचा आणखी एक हात द्या, आणि पुन्हा बघा.

## खिडक्या

१:१००० प्रमाणात अर्ध्या मिमीचे भोक म्हणजे अर्ध्या मीटरची खिडकी. याहून मोठे भोक पाडले की खिडकी इमारतीच्या दारासारखी दिसते. खिडक्यांच्या जागा स्टिकरच्या पानावर छापलेल्या असतात. त्या पानाची त्याच आकाराची झेरॉक्स काढा, कापून प्लॅस्टिकवर चिकटवा, सुईने मध्यबिंदू टोचा आणि मग हाताच्या ड्रिलने भोक पाडा. विजेवर चालणारे ड्रिल वापरू नका. त्याच्या वेगाने प्लॅस्टिक वितळते आणि भोकाची कड चिघळते.

भोके आतल्या रंगाच्या आधी पाडावीत. सगळ्या खिडक्या उजळवायच्या नाहीत. काही अंधाऱ्या ठेवल्या की जहाजात वस्ती आहे असे वाटते. कोणत्या उजळायच्या ते मूळ मॉडेलचे फोटो बघून ठरवा.

बाहेरचा रंग झाल्यावर भोकांत गेलेला रंग त्याच बिटने अलगद साफ करा आणि सुईच्या टोकाने पांढऱ्या गोंदाचा थेंब भरा. फेव्हिकॉलसारखा गोंद वाळला की पातळ थरात जवळजवळ पारदर्शक होतो आणि उजेड मऊ करतो. फेव्हिक्विक मात्र पारदर्शक भागांच्या जवळपास आणू नका. त्याची वाफ बसून पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरट धूर चढतो, आणि फायबर ठिसूळ होऊन मोडतो.

तबकडीतले दोन एलईडी खिडक्यांकडे तोंड करून ठेवू नका. त्यांचा रोख पांढऱ्या रंगवलेल्या पृष्ठभागाकडे हवा. परावर्तित उजेड सगळ्या खिडक्यांना सारखा मिळतो. तोंड खिडकीकडे असेल तर एक खिडकी झगमगते आणि शेजारची विझल्यासारखी दिसते. एलईडी घेताना ‘वॉर्म व्हाइट’ मागा, म्हणजे ३००० केल्व्हिनच्या आसपासचा. मूळ मॉडेलमध्ये तंतूचे बल्ब होते आणि त्यांचा उजेड पिवळसर होता. निळसर पांढरा उजेड या जहाजाला शोभत नाही.

## इंजिनांचे घुमट

एंटरप्राइझची ओळख हीच आहे, म्हणून इथे वेळ द्या. पारदर्शक घुमट आतून बारीक वॉटर पेपरने घासून दुधी करा आणि पारदर्शक नारिंगी रंगाचा एक पातळ हात द्या. घुमटामागे एक-दोन सेंटिमीटर जागा सोडून दोन्ही एलईडी बसवा, मध्ये ट्रेसिंग पेपरची चकती लावा. एलईडीचे गोल टोकही वॉटर पेपरने घासले तर उजेडाचा टोचणारा ठिपका नाहीसा होतो.

स्थिर एलईडीमुळे घुमट कायम उजळलेला राहतो, थरथरणाऱ्यामुळे त्यात हालचाल येते. फिरत्या पात्यांचा हुबेहूब परिणाम यातून मिळत नाही, त्यासाठी अनेक एलईडी क्रमाने लावणारे सर्किट लागते. पण एका हातावरून पाहताना हा उजेड जिवंत वाटतो, आणि पहिल्या मॉडेलला तेवढे पुरे आहे.

## लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे

दिशादर्शक दिव्यांचा नियम समुद्रावरच्या जहाजांचा आणि विमानांचा आहे: पुढे तोंड करून उभे राहिल्यावर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. एंटरप्राइझही हाच नियम पाळते.

या जागी एलईडी मावत नाही, म्हणून फायबर वापरायचा. आपोआप लुकलुकणारे एलईडी मिळतात, त्यांच्या आतच चिप असते. लाल आणि हिरवा असे दोन घ्या. प्रत्येकाच्या टोकाला फायबर टेकवून दोन्हींवर काळी हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, म्हणजे उजेड फक्त फायबरमधूनच जाईल. स्लीव्ह आवळताना मंद गरम हवा वापरा, जास्त उष्णतेने फायबर आक्रसतो. फायबरला काटकोनात वळवू नका, तिथून उजेड गळतो. मोठा बाक द्या.

फायबरचे दुसरे टोक तबकडीच्या भोकातून बाहेर काढून पाच मिमी लांब सोडा आणि दोन भागांच्या गोंदाने आतून पक्के करा. त्याच्यासकट जहाज रंगवा. सगळे रंग आणि शेवटचे वार्निश झाल्यावर धारदार पात्याने ते भिंतीच्या पातळीला कापा. रंग कापलेल्या तुकड्याबरोबर जातो आणि ताजे, स्वच्छ टोक उरते.

## सोल्डरिंग आणि वायरिंग

आयर्नचे टोक तीनशे अंशांच्या वर जाते. किटचे प्लॅस्टिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते. त्यामुळे नियम एकच: सोल्डरिंग मॉडेलच्या बाहेर. एलईडीला तारा जोडा, तपासा आणि मगच आत बसवा.

तारेच्या टोकाचा इनॅमल पात्याने खरवडून तांबे चमकू द्या. त्यावर आधी सोल्डरचा पातळ थर चढवा, मग एलईडीच्या कापलेल्या पायाशी जोडा. आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, एलईडी खराब होतो. सांधा चकचकीत आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. मळकट, गोळ्यासारखा सांधा पुढे सुटतो. दोन्ही पायांवर स्लीव्ह चढवा. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

सर्व एलईडींचे मायनस धडाच्या आत एकत्र करा. प्लसच्या नऊ तारा स्वतंत्र ठेवा. अशा दहा तारा पितळी नळीतून बैठकीत उतरतात. नळीच्या कडा आतून घासून गोल करा, नाहीतर त्या इनॅमल खरवडतील. प्रत्येक तारेला कागदी टेपचा झेंडा लावून त्यावर क्रमांक लिहा.

रेझिस्टर मॉडेलमध्ये न ठेवता बैठकीत ठेवा. याचा मोठा फायदा असा की, मॉडेल बंद झाल्यावरही एखादा दिवा जास्त उजळ वाटला तर त्याचा रेझिस्टर बदलता येतो. लाकडी बैठकीच्या पोटात छोटी पट्टी, तिच्यावर नऊ रेझिस्टर आणि एक स्विच. जुनी यूएसबी-ए केबल कापली की आत लाल वायर प्लस आणि काळी मायनस सापडते. रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने खात्री करा. मॉडेलच्या आत ५ व्होल्टच जाऊ द्या. घरच्या २३० व्होल्टची कोणतीही जोडणी बैठकीतसुद्धा नको, ते काम बाजारातल्या बंद चार्जरलाच करू द्या.

## बंद करण्यापूर्वीची तपासणी

एकदा सांधा वाळला की परत उघडता येत नाही. म्हणून गोंद हातात घेण्यापूर्वी हा क्रम पाळा.

१. मल्टिमीटरने प्लस आणि मायनसमध्ये थेट शॉर्ट नाही हे पाहा.
२. प्रत्येक दिवा एकेकटा लावा, मग सगळे एकत्र लावा.
३. सगळे दिवे काही तास सलग चालू ठेवा. कच्चा सांधा बहुधा या वेळेत उघडा पडतो.
४. मॉडेल हातात घेऊन हलवा, तारा हलक्या ओढा. दिवा लुकलुकला तर तिथे लूज कनेक्शन आहे.
५. तारा गोंदाने भिंतीला बांधा, म्हणजे त्या खिडकीसमोर येऊन सावली पाडणार नाहीत.

एखादा दिवा लागत नसेल तर बहुधा प्लस-मायनस उलटे झालेले असतात किंवा इनॅमल पुरता खरवडलेला नसतो. सगळेच मंद दिसत असतील तर पुरवठ्याचे व्होल्टेज मोजा. एकच जोडी मंद असेल तर दोन दिव्यांना चुकून एकच रेझिस्टर लागला आहे का ते बघा. एलईडी क्वचितच दोषी असतो, सांधा वारंवार असतो.

यानंतर अर्धुके चिकटवा आणि नळीचे भोक उघडे ठेवून दोन दिवस तसेच ठेवा, म्हणजे गोंदाची वाफ बाहेर जाईल आणि घुमट आतून धुरकटणार नाहीत. मग सांधे घासणे, बाहेरचा रंग आणि स्टिकर नेहमीसारखे. रंगकाम चालू असताना घुमटांवर मास्किंग टेप ठेवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकदा दिवे लावून पाहा.

## पुढची पायरी

या पहिल्या जहाजानंतर ५५५ ही टायमर चिप शिकून घ्यावी. हान्स कामेंझिंड यांनी रचलेली ही चिप १९७२ पासून बाजारात आहे, स्वस्त आहे, आणि लुकलुकण्याचा वेग आपल्या मनाप्रमाणे ठेवता येतो. त्यापुढे आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेऊन घुमटातले एलईडी क्रमाने फिरते करता येतात. पण हे सगळे पहिल्याच मॉडेलमध्ये कोंबू नका. नेमक्या जागी बसलेले, मंद आणि न झिरपणारे नऊ दिवे पन्नास भगभगीत दिव्यांपेक्षा कधीही चांगले.

किट हातात येण्याची वाट पाहू नका. एक एलईडी, एक २२० ओहमचा रेझिस्टर, एक ब्रेडबोर्ड आणि जुनी यूएसबी केबल एवढेच आज आणा आणि पहिला दिवा लावून पाहा. रेझिस्टर बदलून त्याचे तेज कमी-जास्त करा, सोल्डरचे दहा-वीस सांधे रद्दी तारांवर जोडून हात बसवा. किट येईल तेव्हा विजेची भीती गेलेली असेल आणि सगळे लक्ष जहाजाकडे देता येईल.